वाचकांचे प्रश्न : लांडग्याचा कुत्रा कधी झाला, कसा झाला

कुत्र्याच्या मुळाविषयी बरीच पत्रं आली आहेत. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि जागेअभावी काही पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत.

प्रश्न : शाळेत असताना वाचलं होतं की काही कुत्रे लांडग्यापासून आले आणि काही कोल्ह्यापासून. आता सगळीकडे फक्त लांडग्याचंच नाव येतं. कोल्ह्याचं काय झालं? आणि आपल्याकडच्या कोळसुंद्याचा (रानकुत्र्याचा) यात काहीच वाटा नाही का?
— कोल्हापूर

उत्तर : कोल्ह्याचा सिद्धान्त ऐऱ्यागैऱ्याचा नव्हता. प्राण्यांच्या वर्तनाचे मोठे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी तो विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडला आणि पुढे स्वतःच सोडून दिला. त्याच्याही आधी डार्विनला कुत्र्यांच्या रूपांतला फरक बघून वाटलं होतं की यांचे रानटी पूर्वज एकाहून जास्त असावेत. डीएनए तपासता येऊ लागल्यावर हा वाद संपला. चिहुआहुआपासून ग्रेट डेनपर्यंत आणि तुमच्या गल्लीतल्या काळ्यापर्यंत प्रत्येक कुत्रा करड्या लांडग्याच्याच शाखेतला आहे.

गोंधळ होण्याचं एक कारण म्हणजे गुणसूत्रं. लांडगा, कुत्रा, सोनेरी कोल्हा, कोळसुंदा या सगळ्यांची गुणसूत्रं ७८च. त्यामुळे नुसती संख्या मोजून काही कळत नाही. कोल्हा आणि कुत्रा यांचा संकर होऊ शकतो. रशियात असे संकरित कुत्रे विमानतळावर वास घेण्याच्या कामासाठी मुद्दाम पैदा केले गेले. पण संकर होऊ शकतो म्हणून पूर्वज ठरत नाही. कोळसुंदा तर आणखी लांबचा. त्याची प्रजातच वेगळी. कुत्र्याला आणि लांडग्याला ४२ दात असतात, कोळसुंद्याला ४०. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंची शेवटची दाढ त्याला नसते. जंगलात कवटी सापडली तर एवढं पाहिलं तरी निकाल लागतो.

एक दुरुस्ती मात्र लांडग्याच्या बाबतीतही करायला हवी. आज जगात जे लांडगे आहेत त्यांपैकी कुठलाही कळप कुत्र्याचा थेट पूर्वज नाही. ज्या लांडग्यांपासून कुत्रा झाला ते हिमयुगातले लांडगे नामशेष झाले. आजचा लांडगा हा कुत्र्याचा चुलतभाऊ, बाप नव्हे.

प्रश्न : एका ठिकाणी १५ हजार वर्षं, दुसरीकडे ३० हजार, तिसरीकडे लाखाच्या वर. एवढी तफावत कशी? खरा आकडा कोणता धरायचा?
— नागपूर

उत्तर : हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. लांडग्यांच्या एका शाखेपासून कुत्र्याची शाखा फुटली केव्हा, हा एक प्रश्न. ती शाखा माणसाजवळ राहू लागली केव्हा, हा दुसरा. आणि 'हा नक्की कुत्राच' असं म्हणता येईल असं हाड किती जुनं, हा तिसरा. पहिली घटना दुसरीच्या हजारो वर्षं आधी घडलेली असू शकते.

लाखाच्या वरचा आकडा १९९७ सालचा, सुमारे १ लाख ३५ हजार वर्षं. तो फक्त आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएवरून काढला होता. डीएनएत ठरावीक काळात किती बदल साठतात हे गृहीत धरून मागे मोजत जायचं, अशी ही पद्धत. त्या वेळी लांडगा आणि त्याचा अमेरिकेतला नातलग कायोटी १० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले असं धरलं होतं आणि त्यावर सगळं गणित बसवलं होतं. पायाच चुकला तर वरचे मजले चुकणारच. पुढे २०१४ साली पूर्ण जनुकसंचावरून काढलेला आकडा उलट फार अलीकडचा आला, ११ ते १६ हजार वर्षांचा, कारण बदलांचा वेग जास्त धरला गेला होता. २०१५ साली सायबेरियाच्या तैमिर भागातल्या सुमारे ३५ हजार वर्षं जुन्या लांडग्याचा डीएनए मिळाला. हाडाचं वय कार्बनवरून स्वतंत्रपणे ठाऊक होतं, त्यामुळे घड्याळ जुळवता आलं. वेग कमी निघाला आणि शाखा फुटण्याचा काळ मागे, २७ ते ४० हजार वर्षांवर गेला. आज बहुतेक गणितं याच पट्ट्यात येतात.

आता हाडं. ज्यावर जवळपास सगळ्यांचं एकमत आहे असा जुना कुत्रा जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेलचा, सुमारे १४,२०० वर्षांपूर्वीचा. १९१४ साली दगडाच्या खाणीत कामगारांना एक पुरुष आणि एक बाई यांचे सांगाडे मिळाले, गेरूने माखलेले, वर बसाल्टचे दगड. सोबत काही जनावरांची हाडं होती. त्यातला जबडा लांडग्याचा समजून बाजूला राहिला आणि तो कुत्र्याचा आहे हे १९७०च्या दशकाच्या अखेरीस कळलं. २०१८ साली दात नीट तपासले तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. दातांच्या एनॅमलवर आडव्या खाचा होत्या. दात बनत असताना पिल्लू गंभीर आजारी पडलं की अशा खाचा उरतात. त्यावरून हे पिल्लू सुमारे १९ आठवड्यांचं असताना त्याला डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूजन्य रोग) झाला असावा, तो तीन वेळा उलटला आणि साधारण २८व्या आठवड्यात ते मेलं, असा निष्कर्ष काढला गेला. डिस्टेंपरचं पिल्लू पाणी पाजून, ऊब देऊन, घाण साफ करून जपलं नाही तर पहिल्याच फेरीत जातं. हे इतके आठवडे टिकलं याचा अर्थ कुणीतरी त्याची शुश्रूषा केली. आणि ते अजून शिकारीच्या कामाचंही नव्हतं.

त्याहून जुने दावे आहेत: बेल्जियममधल्या गोये गुहेतली सुमारे ३६ हजार वर्षांची कवटी, अल्ताय पर्वतातली ३३ हजार वर्षांची. त्यांवर वाद आहे, आणि आमच्या मते तो रास्त आहे. कवटी कुत्र्याची की लांडग्याची हे ठरवताना मुस्कटाची लांबी आणि रुंदी, दातांची दाटी, मांस कापणाऱ्या मोठ्या दाढेची लांबी अशी मापं घेतात. पण लांडग्यांतही आखूड मुस्कटाचे निघतात आणि नमुना एकच असला की तो अपवाद की नियम हे सांगता येत नाही. २०२५ च्या अखेरीस ६४३ कवट्यांचा त्रिमितीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हिमयुगातली एकही कवटी कुत्र्याच्या गटात बसली नाही. पहिली बसली ती रशियातली, सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीची. मग ओबरकासेलचं काय? तिथला निर्णय कवटीच्या आकारावर उभा नाही, जबडा, दात, डीएनए आणि दफन यांवर आहे. हाडांचा आकार वागणुकीच्या मागून बदलतो, एवढाच त्याचा अर्थ.

एका वाचकाने सायबेरियात बर्फात केसांसकट सापडलेल्या १८ हजार वर्षांच्या 'डोगोर' पिल्लाबद्दल विचारलं आहे. डीएनए तपासणीत तो लांडगाच निघाला.

प्रश्न : मुलांना शिकवताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात: माणसाने लांडग्याचं पिल्लू आणून पाळलं, किंवा लांडगे उकिरड्यावर येऊन हळूहळू माणसाळले. बरोबर काय?
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : दोन्हींत अडचणी आहेत, आणि त्या मुलांना सांगण्यासारख्या आहेत.

उकिरड्याची कल्पना सोपी वाटते. जे लांडगे माणसाला कमी घाबरत ते वस्तीजवळचं उष्टंखरकटं जास्त खात, जास्त जगत, त्यांची पिल्लं वाढत. पण शेती सुरू झाली ती सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी, आणि कुत्रा त्याच्या आधीचा. २०२० साली २७ प्राचीन कुत्र्यांचे जनुकसंच वाचले गेले, त्यात ११ हजार वर्षांपूर्वीच कुत्र्यांच्या निदान पाच वेगळ्या शाखा झालेल्या दिसल्या. म्हणजे त्या वेळचा माणूस शिकारी आणि भटका होता. पंचवीस-तीस जणांच्या फिरत्या टोळीचा उकिरडा तो केवढा असणार!

पिल्लाच्या कल्पनेतली अडचण वेळेची आहे. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं होताच फिरू लागतं, तेव्हा त्याला नीट दिसत नाही की ऐकू येत नाही, फक्त वास कळतो. अनोळखी गोष्टींची भीती त्याच्यात लवकर बसते. कुत्र्याचं पिल्लू हाच टप्पा साधारण चौथ्या आठवड्यात गाठतं, तेव्हा त्याचे कान-डोळे कामाला लागलेले असतात. म्हणून संशोधनासाठी लांडगा वाढवायचा तर पिल्लू डोळे उघडण्याआधी, पहिल्या दहाएक दिवसांत आईपासून काढावं लागतं आणि माणसाला रात्रंदिवस त्याच्याजवळ झोपावं लागतं. शिवाय त्याला दूध लागतं. ज्या काळात दुभती जनावरं पाळलेली नव्हती तेव्हा ते एखाद्या अंगावर पाजणाऱ्या बाईकडूनच मिळू शकत होतं. हे अशक्य नाही. काही शिकारी समाजांत बायकांनी जनावरांची पिल्लं अंगावर पाजल्याच्या नोंदी आहेत. पण एक लांडगा माणसाळणं वेगळं आणि पिढ्यान्‌पिढ्या स्वभाव बदलणं वेगळं. पाळलेला लांडगा वयात आला की निघून जातो आणि रानातल्या लांडग्याशीच जोडी करतो.

२०२१ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी तिसरी शक्यता मांडली. हिमयुगातल्या हिवाळ्यात शिकार केलेली जनावरं हडकलेली असत, अंगावर चरबी नाही, नुसतं मांस. माणसाला रोजच्या उष्मांकांपैकी साधारण पाचव्या भागापेक्षा जास्त प्रथिनं सोसत नाहीत; यकृतावर ताण येतो, मळमळ आणि जुलाब होतात, चरबी मिळाली नाही तर माणूस पोट भरूनही खंगतो. लांडग्याला मात्र नुसतं मांस चालतं. म्हणजे हिवाळ्यात टोळीकडे माणसाने खाऊ नये असं मांस उरत असणार. ते देताना काही गमवावं लागत नव्हतं. पिल्लं पोसणं मग परवडू शकलं. आम्हाला ही मांडणी पटण्याजोगी वाटते कारण ती काळाशी जुळते. पण ती गणितावर आधारलेली आहे, उत्खननातला थेट पुरावा नाही, हेही मुलांना सांगावं.

प्रश्न : रशियात कोल्हे पाळून चाळीस-पन्नास वर्षांत कुत्र्यासारखे केले असं वाचलं. मग लांडग्याला हजारो वर्षं कशाला लागली?
— लातूर

उत्तर : ते आपले कोल्हे नव्हेत, रुपेरी रंगाचे खोकड, फरसाठी पाळलेले. १९५९ साली नोवोसिबिर्स्कमध्ये दिमित्री बेल्याएव यांनी प्रयोग सुरू केला आणि ल्युदमिला त्रूत यांनी तो पुढे नेला. पद्धत कडक होती. पिल्लू महिन्याचं झालं की दर महिन्याला एकदा परीक्षा: हातातून खाऊ देताना त्याला थोपटायचा प्रयत्न करायचा आणि ते चावतं, पळतं, सहन करतं की शेपूट हलवत येतं याची नोंद घ्यायची. एरवी माणसाशी संबंध मुद्दाम कमी ठेवलेला, म्हणजे शिकवल्यामुळे माणसाळलं असं होऊ नये. मग सगळ्यांत मवाळ अशा मोजक्या नर-माद्यांचीच पैदास. सहाव्या पिढीत काही पिल्लं स्वतःहून माणसाकडे झेपावू लागली. विसाव्या पिढीत अशी ३५ टक्के झाली. काहींच्या अंगावर पांढरे ठिपके, लोंबते कान, वळलेली शेपटी दिसू लागली.

वेग आला तो पिंजऱ्यामुळे. तिथे जोड्या माणूस ठरवत होता. हिमयुगातल्या टोळीला ती सोय नव्हती. दुसरं, हे खोकड रानातले नव्हतेच. त्यांचे पूर्वज कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फर-फार्मांवर अनेक पिढ्या वाढलेले होते आणि ठिपक्यांसारख्या काही गोष्टी तिथेही होत्या, हे २०१९ साली दाखवून दिलं गेलं. तेव्हा 'स्वभाव निवडला की कान आपोआप पडतात' हे वाक्य जपून वापरा. मवाळपणा अनुवंशिक असतो आणि निवडीने फार लवकर वाढतो, हा भाग मात्र पक्का आहे.

प्रश्न : भारतात कुत्रा केव्हापासून आहे? आपल्या लांडग्यापासून इथेच झाला असेल का?
— पुणे

उत्तर : भारतीय लांडग्यापासून झाला नाही. २०२१ सालच्या जनुकीय अभ्यासात आपला हा माळरानावरचा लांडगा जगातल्या फार जुन्या, लवकर वेगळ्या झालेल्या शाखांपैकी एक निघाला. २०२२ साली ७२ प्राचीन लांडग्यांचे जनुकसंच तपासले गेले, तेव्हा कुत्रा पूर्व युरेशियातल्या, म्हणजे सायबेरियाकडच्या प्राचीन लांडग्यांना जवळचा आढळला. पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतल्या कुत्र्यांत मात्र पश्चिमेकडच्या लांडग्यांचं रक्तही मिसळलेलं आहे. भारतात तो माणसांबरोबर आला.

पुरावे मोठे बोलके आहेत. काश्मीरमध्ये बुर्झहोम इथे नवाश्मयुगात माणसाबरोबर कुत्रा पुरलेला आहे, पंजाबात रोपडलाही. मोहेंजोदडो-हडप्पाच्या भाजक्या मातीच्या खेळण्यांत गळ्यात पट्टा असलेले कुत्रे मिळतात. सिंधमधल्या चन्हुदडोच्या एका विटेवर मांजराच्या पंजाचा ठसा आहे आणि त्यावर किंचित चढलेला कुत्र्याचा. वीट ओली असताना मांजर धावलं, मागून कुत्रा.

महाराष्ट्रातला पुरावा श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी, दायमाबादचा. १९७४ साली तिथे चार धातुशिल्पं मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर. सारथी उभा आहे आणि त्याच्या पुढे रथाच्या दांडीवर एक छोटा कुत्रा उभा आहे. छायाचित्र पाहताना लोकांची नजर बैलांवर जाते, कुत्रा सुटतो. पुढच्या वेळी शोधून बघा.

प्रश्न : हौसेने आमच्या गावठी कुत्रीची डीएनए चाचणी केली. लाळेचा नमुना पाठवला. अहवालात आठ-दहा परदेशी जातींचे तुकडे आले. ती खरंच इतकी 'मिक्स' आहे का?
— ठाणे

उत्तर : बहुधा नाही. अशी चाचणी तुमच्या कुत्रीचा डीएनए कंपनीच्या संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहते. संग्रहात भारतीय गावठी कुत्र्यांचे पुरेसे नमुने नसले तर संगणक 'ठाऊक नाही' म्हणत नाही. त्यातल्या त्यात जवळची जात चिकटवून देतो. तुकडे २-५ टक्क्यांचे आणि जाती एकमेकींशी संबंध नसलेल्या असल्या तर अहवाल हेच सांगतो आहे असं समजा. एखादी जात २०-२५ टक्के किंवा जास्त आली तर मात्र आजी-आजोबांत ती खरीच असू शकते. चाचणी घ्यायचीच तर आधी विचारा: दक्षिण आशियातल्या गावठी कुत्र्यांचा गट संग्रहात आहे का?

नमुनाही बिघडतो. खाण्यानंतर निदान तासभर थांबा, गालाच्या आतून काडी अर्धा ते एक मिनिट फिरवा, नुसती लाळ नको, गालाच्या पेशी हव्यात. दूध पिणाऱ्या पिल्लाचा नमुना घेतला तर त्यात आईच्या पेशी येतात. काडी ओली डबीत बंद केली की बुरशी धरते.

आणि मुळातलं म्हणजे, गावठी कुत्रा हा जातिवंत कुत्र्यांची खिचडी नव्हे. जगातल्या कुत्र्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त असे मोकळे, स्वतःच जोड्या जमवणारे आहेत आणि ते जातींच्या आधीपासून आहेत. माणसाच्या खुणाही त्यांना कळतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या, कुणीही न शिकवलेल्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवलं. जे कुत्रे जवळ आले त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोटाच्या दिशेचं भांडं निवडलं.

प्रश्न : आमचा कुत्रा भाकरी-दूध खातो. मुलगा म्हणतो, कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला कच्चं मांसच द्यायला हवं. कोणाचं खरं?
— सोलापूर

उत्तर : दोघांचंही अर्धं. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत ४ ते ३० सापडतात, हे २०१३ साली कळलं. शेतकऱ्याच्या दारात राहून धान्य खाणाऱ्या कुत्र्यांत त्या वाढल्या. शेतीशी संबंध न आलेल्या डिंगोत (ऑस्ट्रेलियातल्या रानटी कुत्र्यात) आजही दोनच आहेत आणि हस्कीसारख्या उत्तरेकडच्या कुत्र्यांत कमी. तेव्हा भाकरी तुमच्या कुत्र्याला पचते. अट एकच, ती नीट शिजलेली हवी. कच्चं पीठ, अर्धकच्चा भात पोटात आंबतो आणि जुलाब होतात.

पण भाकरी-दूध हा पूर्ण आहार नाही. प्रथिनं कमी पडतात, आणि वयाने वाढलेल्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दूध सोसत नाही. शी पातळ होत असेल तर दुधाऐवजी ताक किंवा दही द्या. १५ किलोच्या, बेताची हालचाल असलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० ते ८५० उष्मांक लागतात. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या (प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या), २०० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, एक उकडलेलं अंडं आणि थोडा शिजवलेला भोपळा यात ते बसतं. दोन वेळांत विभागा. यात कॅल्शियम जवळपास नाही, ते सगळे विसरतात: अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून अगदी बारीक पूड करा आणि रोज अर्धा सपाट चहाचा चमचा घाला. पिल्लाला हे प्रमाण चालत नाही, डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जीवनसत्त्वांचीही भर लागते, तीही विचारून.

कांदा-लसणाची फोडणी नको. त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून कारण लक्षात येत नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेट नको. शिजवलेलं हाड अजिबात नको, ते टोकदार फुटतं. कच्च्या मांसाने जंतू आणि जंत घरात येतात. लांडग्याच्या पोटातही जंत असतातच, त्याची कुणी तपासणी करत नाही इतकंच.

प्रश्न : कारवान कुत्रा हजारो वर्षांपूर्वीची शुद्ध जात आहे असं विकणारे सांगतात. पिल्लाला मोठी किंमत मागतात.
— सांगली

उत्तर : लांब पायांचे, नजरेने शिकार करणारे कुत्रे जुने आहेत, यात शंका नाही. पण 'शुद्ध जात', म्हणजे नोंदवही, ठरवलेला नमुना आणि बाहेरचं रक्त बंद, ही कल्पना व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. पहिलं मोठं कुत्र्यांचं प्रदर्शन १८५९ साली न्यूकॅसलला भरलं, जातींची नोंद ठेवणारा इंग्लंडचा केनेल क्लब १८७३ चा. इजिप्तच्या थडग्यांवरच्या चित्रांशी नातं सांगणारा फेरो हाउंडसुद्धा २००४ सालच्या जनुकीय अभ्यासात अलीकडे पुन्हा घडवलेला निघाला. कारवान किंवा मुधोळ चांगला ठरतो तो धावण्यावरून, उन्हात टिकण्यावरून, पोथीवरून नव्हे. आई-बाप दोघंही बघा, शक्यतो धावताना. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. आणि नसबंदी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया करताना डॉक्टरांना जात सांगा: ग्रेहाउंडच्या वळणाच्या, चरबी कमी असलेल्या कुत्र्यांच्या अंगातून थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध फार सावकाश उतरतं.

प्रश्न : ट्रेनर म्हणतो, कुत्रा लांडग्याचा वंशज, त्यामुळे घरात तुम्ही 'अल्फा', म्हणजे कळपाचे म्होरके, व्हा, ऐकलं नाही तर उताणं पाडून दाबून धरा. हे बरोबर आहे का?
— न्यू जर्सी

उत्तर : नाही. 'अल्फा'ची कल्पना १९४७ साली बाझलच्या प्राणिसंग्रहालयात एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडून केलेल्या निरीक्षणातून आली. रानातला कळप म्हणजे नर, मादी आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी स्वतःच्या जुन्या पुस्तकातून ही कल्पना लोकप्रिय केली आणि १९९९ साली स्वतःच ती खोडली. उताणं पाडून दाबलेला कुत्रा भीतीने गप्प बसतो, आणि काही दिवसांनी न गुरगुरता चावतो, कारण गुरगुरण्याची शिक्षा त्याला मिळालेली असते. ट्रेनर बदला.

प्रश्न : आम्ही मेंढपाळ. वाड्यावर दोन कुत्रे आणि एक कुत्री आहे. माळावर लांडगे आहेत. मागे एक पिवळट रंगाचा लांडगा दिसला, लोक म्हणाले कुत्र्याचा संकर. असं होतं का? आणि तशी पिल्लं राखणीला जास्त तिखट निघतात का?
— फलटण

उत्तर : होतं. पुणे जिल्ह्यातल्या अशाच वेगळ्या रंगाच्या एका लांडग्याच्या डीएनएवरून कुत्र्याचा संकर सिद्ध झाला आणि २०२३ साली ते प्रसिद्ध झालं. माळरान तुटत गेलं, लांडग्याला जोडीदार मिळेना, भोवती मोकळे कुत्रे वाढले, की असं घडतं. लांडगी वर्षातून एकदाच माजावर येते, कुत्री साधारण दोनदा. गाभणपणाचे दिवस दोघींचे ६३च्या आसपास.

राखणीला अशी पिल्लं घेऊ नका. लांडग्याचं रक्त म्हणजे बिचकेपणा आणि शिकारीची ओढ, आणि राखणदाराला नेमकं या दोन्हींच्या उलट हवं असतं. मोठी झाली की मेंढरावरच जातात. शिवाय लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, पिल्लू उचलणं हा गुन्हा. राखणीचं पिल्लू कुत्रीचंच ठेवा आणि तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ते कोकरांच्या सोबत वाढू द्या. या काळात जे अंगवळणी पडतं तेच आयुष्यभर टिकतं.

माजाच्या दिवसांत कुत्री वाड्यात बांधा. रक्त दिसल्यापासून तीन आठवडे. पिल्लं नको असतील तर शस्त्रक्रिया करून टाका. लसी चुकवू नका: सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. पुनःपुन्हा द्यायचं कारण असं की आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीची लस निकामी करते आणि ती नेमकी केव्हा ओसरते हे पिल्लागणिक वेगळं असतं. रेबीजची लस तीन महिन्यांना, मग वर्षाने. फिरतीवर असताना लस बर्फाच्या डब्यातून, २ ते ८ अंशांत आणलेली आहे ना, हे विचारून घ्या. उन्हात तापलेली बाटली टोचून उपयोग नसतो. तुमच्या कुत्र्यांना डिस्टेंपर झाला तर तो माळावरच्या लांडग्यांतही जातो, तेव्हा आजारी कुत्रा मोकळा सोडू नका आणि मेला तर उघड्यावर न टाकता खोल पुरा.